नामिबियात स्वतः गाडी चालवताना

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, हा मोठा दिलासा. मात्र शहर सुटलं की बहुतेक रस्ते खडीचे. तिथे वेग 80च्या खालीच ठेवा, टायरमधली हवा थोडी कमी करा. स्टेपनी दोन मागून घ्या आणि जॅक, पाना गाडी ताब्यात घेतानाच तपासा. पेट्रोलपंप दिसला की टाकी भरायचीच. अंधार पडल्यावर गाडी नकोच. कुडू हरणं अचानक आडवी येतात.

गाडी ठेवून पायी फिरायचं असेल, तर फिश रिव्हर कॅन्यन या दरीतला सुमारे 85 किलोमीटरचा ट्रेक 1 मे ते 15 सप्टेंबर एवढाच खुला असतो. आरक्षण आधी करा. गटात किमान तिघं आणि प्रत्येकाकडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. होबासजवळ दरीत उतरायचं, आय-आयसच्या गरम झऱ्यांपाशी बाहेर पडायचं. वाटेत पाणी नदीचंच, ते शुद्ध करूनच प्या.