पाऊस सारखा, नुकसान वेगळं

बुलढाण्याच्या घाटाखाली, मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. घाटवाटेच्या तोंडाशी असल्याने इथे १४३७ आणि १५९० मध्ये मोठ्या लढाया झाल्या. आता घाटावरून उतरतं ते पाणी, आणि तेही कधी वेळेवर, कधी अवेळी, कधी एकाच रात्रीत. अशा पट्ट्यात पाऊस बिघडला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘पाऊस काय गरीब-श्रीमंत पाहून पडते?’

पडत नाही, खरंच. पण उठून उभं राहण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते. दुबार पेरणी आली की घरात पगार असलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी बियाणं आणतो. कोरडवाहू तीन एकरवाला कृषी केंद्रात उधारी करतो किंवा बकऱ्या विकतो. ठोक्याने, म्हणजे भाड्याने, शेती करणाऱ्याचं पीक बुडतं, पण मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. आणि निंदणी-वेचणीवर जगणाऱ्या मजूर बाईच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणीच करत नाही. नैसर्गिक आपत्तींमुळे जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ६० लाख लोक दारिद्र्यात ढकलले जातात, असा जागतिक बँकेचा २०१६ चा अंदाज आहे.

दुसरा समज शहरात जास्त : ‘सरकार भरपाई देतंच की!’ सरकार देतं ती मदत; तिला भरपाई म्हणणं चूक आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार, ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी साधारण ३,४४०. डीएपीच्या अडीच गोण्या! २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने रब्बीसाठी हेक्टरी १० हजारांची भर घातली, हे नोंदवायला हवं. पण पिकाचा खर्चही त्यातून पुरता निघत नाही. जमीन खरडून गेली तर हिशेबच वेगळा. २२ जुलै २०२३ ला याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने तसंच केलं. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतं; मातीचा तो थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

‘दुष्काळ म्हणजे उपासमार आलीच,’ हेही खरं नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पिकं तशीच गेली, जनावरं गेली, कर्जं वाढली. पण १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते आणि मोठं मृत्युकांड टळलं. गावाच्या जवळ काम आणि हातात मजुरी, एवढ्याने फरक पडला. त्यातूनच पुढे राज्याचा रोजगार हमी कायदा आला.

राहिला सर्वांत महागात पडणारा समज : आधी विकास करू, आपत्तीचं आली की बघू. जिल्ह्याने याचं उत्तर स्वतःच दिलं आहे. महामार्गाच्या रुंदीकरणाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घेतला. रस्ता झाला आणि पाणी साठवायला जागाही झाली. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून नीती आयोगाने त्याची दखल घेतली. वैनगंगेचं पाणी नळगंगेपर्यंत आणणाऱ्या प्रकल्पालाही २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा येईपर्यंत पावसाळे थांबणार नाहीत.

तेव्हा शेतकऱ्यांनी ई-पीक पाहणी वेळेत करावी. नोंद नसेल तर मदत अडते. आणि ग्रामसभेत विकास आराखडा मांडला जाईल तेव्हा रस्ता-सभामंडपाबरोबर नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती आणि गावातल्या ठोकेदार व भूमिहीन कुटुंबांची यादी, हे तीन विषय लिहून घ्यायला लावावेत.