सुट्टीत शिकावं ते शाळेत नसलेलं

फेब्रुवारी सरत आला की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. तुमचं मूल या उन्हाळ्यात घरबसल्या अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठात शिकू शकतं, असं सांगणाऱ्या. त्यात खोटं काही नसतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी दोन-तीन आठवड्यांचे ऑनलाइन उन्हाळी वर्ग खरोखरच चालवतं. संकेतलेखनामागचं गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, सर्जनशील लेखन असे विषय असतात आणि पडद्यावर समोर जिवंत शिक्षक असतो. जॉन्स हॉपकिन्सचं हुशार मुलांसाठीचं केंद्र तर १९७९ पासूनचं; त्याचेही ऑनलाइन वर्ग आहेत. प्रश्न एवढाच की हा उन्हाळा नेमका कुणाचा?

तिकडचे वर्ग जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि जुलैभर चालतात. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात ऊन ओसरायची वाट पाहत आणखी आठवडाभर, कधी त्याहूनही उशिरा. म्हणजे तिकडची सुट्टी लागते तेव्हा इकडे नव्या वह्यांना कव्हरं घालणं चाललेलं असतं. शिवाय कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ, आणि तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे इथले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. फी हजारो डॉलरमध्ये. ज्यांना परवडतं आणि शाळा सांभाळून जमतं, त्यांनी जरूर करावं. बाकीच्यांनी हळहळण्याचं कारण नाही, कारण याच दर्जाचं बरंचसं शिक्षण एप्रिल-मेमध्येही मिळतं आणि फुकट मिळतं.

आपल्याकडे खरा मोकळा वेळ असतो तो दहावीनंतरचा. मार्चमध्ये शेवटचा पेपर, मेमध्ये निकाल, आणि अकरावीच्या प्रवेशफेऱ्या संपून वर्ग सुरळीत व्हायला कधी जुलै तर कधी ऑगस्ट. पंधरा-सोळाव्या वर्षी एवढा सलग वेळ पुन्हा मिळत नाही. गेली वीस-एक वर्षं या सुट्टीचा ठरलेला मार्ग म्हणजे एमएस-सीआयटी आणि टायपिंगचा क्लास. अलीकडे त्यात जेईई-नीटच्या फाउंडेशन बॅचची भर पडली आहे. टायपिंगला माझी काहीच हरकत नाही, बोटं जन्मभर उपयोगी पडतात. पण अकरावीचा पोर्शन मेमध्येच उरकून टाकण्याच्या घाईबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. तो पोर्शन पुढे दोन वर्षं मानेवर बसणारच आहे. सुट्टीत शिकायचं ते अभ्यासक्रमात नाही म्हणून शिकावं.

आता भाषाविज्ञानच घ्या. शाळेत आपण तीन भाषा शिकतो, पण भाषा म्हणून जे काही असतं ते चालतं कसं, हे कुणी शिकवत नाही. शाळकरी मुलांसाठी भाषाविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झालं. २०१६ मध्ये ते म्हैसूरला भरलं होतं. भारतातली निवड पाणिनीच्या नावाच्या ऑलिम्पियाडमधून होते. या स्पर्धांचे जुने प्रश्न इंटरनेटवर मोफत आहेत आणि ते सोडवायला आधीचं कुठलंही ज्ञान लागत नाही. नमुना म्हणून स्वाहिली भाषेतलं एक छोटं कोडं इथेच मांडतो. निनासोमा म्हणजे मी वाचतो आहे. उनासोमा म्हणजे तू वाचतो आहेस. नितासोमा म्हणजे मी वाचेन. तुलिसोमा म्हणजे आम्ही वाचलं, आणि तुलिपिका म्हणजे आम्ही स्वयंपाक केला. तर मग, तू स्वयंपाक करशील, हे स्वाहिलीत कसं म्हणाल?

शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले की शिवण दिसू लागते. पहिला तुकडा कोण ते सांगतो, मधला कधी, शेवटचा काय. उत्तर: उतापिका. आफ्रिकेतली एक भाषा शून्यापासून सुरू करून पाच मिनिटांत तिचं एक वाक्य तुम्ही स्वतः बनवलंत. खऱ्या स्पर्धेतली कोडी याच जातीची, फक्त कितीतरी चिवट असतात. एकेकाला तासभर लागू शकतो. गणिताची भीती बसलेली पण डोकं तल्लख असलेली मुलं इथे फुलतात, आणि आपण जे करतो आहोत त्याला गणितच म्हणतात, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळतं.

दुसरा विषय न्याय. हार्वर्डचे प्राध्यापक मायकल सँडल यांची ‘जस्टिस’ ही व्याख्यानमाला २००९ पासून इंटरनेटवर खुली आहे. पहिल्याच व्याख्यानात ते १८८४ सालचा एक खटला मांडतात. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेली मिन्योनेट ही नौका अटलांटिकमध्ये बुडाली. चौघं एका छोट्या होडीत. खायला सलगमचे दोन डबे आणि पुढे हाती लागलेलं एक कासव. प्यायला पाणी नाही. वीसेक दिवसांनी कप्तान आणि त्याच्या साथीदाराने समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारलं आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या मांसावर तग धरला. सुटका झाल्यावर खटला चालला, दोघांना फाशीची शिक्षा झाली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. आता बोला, चूक की बरोबर? चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? त्या मुलाने स्वतःहून होकार दिला असता तर? सँडल उत्तर सांगत नाहीत. सभागृहातल्या मुलांना उठवतात, त्यांच्याच तोंडून युक्तिवाद काढून घेतात आणि मग त्यात फट दाखवतात. मेलेला मुलगा आपल्याच वयाचा होता, हे ऐकणाऱ्या अकरावीतल्या पोराच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही. एवढं झाल्यावर बेंथम आणि कांट या तत्त्वज्ञांची नावं परीक्षेतल्या टिपांसारखी कोरडी वाटत नाहीत. आपल्याकडे नागरिकशास्त्र थोडक्या मार्कांत आटोपतं, त्याला हा चांगला उतारा आहे.

संगणकाकडे मुलांचा ओढा असतोच, पण तिथे निवड जपून करावी. पंधरा दिवसांत ॲप बनवायला शिकवणारे कोर्स गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या नादी लागण्यापेक्षा हार्वर्डचा सीएस५० करावा. डेव्हिड मलान यांची व्याख्यानं ऐन रंगात आलेल्या प्रयोगासारखी असतात, पण कोर्सचा जीव व्याख्यानांत नाही, दर आठवड्याच्या गृहपाठात आहे. सुरुवात स्क्रॅचच्या रंगीत ठोकळ्यांनी होते, लगेच पुढच्या आठवड्यात सी भाषा. तिथला एक प्रश्न मारिओ या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पायऱ्यांचा आहे. वापरणारा उंची सांगतो, समजा चार. प्रोग्रॅमने हॅशच्या खुणांनी चार ओळींचा जिना काढायचा, पहिल्या ओळीत एक खूण, शेवटच्या ओळीत चार. सोपं वाटतं. पण जिना उजवीकडे टेकलेला हवा, म्हणजे प्रत्येक ओळीत आधी रिकाम्या जागा सोडायच्या आणि त्या दर ओळीला एकेक कमी करत न्यायच्या. आणि कुणी उंची उणे एक दिली, किंवा आकड्याऐवजी अक्षरंच टाइप केली, तर? मग पुन्हा विचारायचं. लिहिलेला कोड पाठवला की तपासनीस प्रोग्रॅम प्रत्येक शक्यता चालवून पाहतो आणि कुठे चुकलं ते लाल अक्षरांत दाखवतो. एका रिकाम्या जागेसाठी अख्खी दुपार जाते. पोरगं चिडतं, उठून पाणी पितं, पुन्हा बसतं. शिकणं म्हणतात ते या दुपारी होतं.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. वर सांगितलेलं सगळं इंग्रजीतलं आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला सबटायटल लावूनही पहिला आठवडा जड जातो. त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करावी. दहा-दहा मिनिटांचे धडे, लिनक्स, लिब्रेऑफिस, सी भाषा असे विषय, आणि आवाज मराठीत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच आपण करून बघायचं, अशीच त्याची रचना आहे. दिसायला साधं, झगमगाट नाही, म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही. भौतिकशास्त्रासाठी फेट आहे. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातल्या अनेक आभासी प्रयोगांच्या सूचना मराठीत मिळतात. बॅटरी, वायर, बल्ब जोडत जायचं. चुकून शॉर्टसर्किट केलं की पडद्यावर बॅटरी पेट घेते, घराचा फ्यूज मात्र शाबूत राहतो. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी आणि त्यांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं बहुतेक वाचकांना माहीत असतील; नसतील तर आजच बघा.

गणिताची ओढ असलेल्यांसाठी आयआयटी मद्रासच्या प्रवर्तक या संस्थेचा चाकोरीबाहेरच्या विचारपद्धतीचा ऑनलाइन कोर्स आहे, मोफत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने विज्ञान ऑलिम्पियाडचे जुने पेपर उत्तरांसह खुले ठेवले आहेत. सरकारी स्वयम आणि त्यावरचे एनपीटीईएलचे कोर्सही शिकायला मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे पैसे. यातले बहुतेक कॉलेजच्या पातळीचे आहेत, हे ध्यानात ठेवून निवडावेत.

पडद्यासमोर बसवून बसवून मूल मे महिन्यात करपून जाणार असेल, तर ज्याचा अर्धा भाग घराबाहेर आहे असंही काही आहे. सीझनवॉच हा देशभर चालणारा उपक्रम झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवतो. आंबा, फणस, चिंच, बहावा, यांपैकी घराजवळचं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच्याकडे नीट बघून नोंद भरायची: कोवळी पालवी आहे का, जून पानं किती, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढे फक्त नाही, थोडं की पुष्कळ एवढंच. काम पाच मिनिटांचं. पण बहाव्याला पालवी आधी की फुलं आधी, यावर ठामपणे बोलणारी माणसं पहिल्या दोन नोंदींतच गप्प होतात. हवामान बदलाबद्दल निबंध लिहिण्यापेक्षा त्याची आकडेवारी गोळा करणं केव्हाही बरं. अवकाशवेड्यांसाठी असंच काम गॅलक्सी झूवर २००७ पासून चालू आहे: दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिकांची चित्रं बघायची आणि त्यांचा आकार नोंदवायचा. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला तिथे एक चमत्कारिक निळसर ढग दिसला, आणि पुढे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्याच्यामागे लागले.

याच्याच आसपास एक खाचखळगा आहे. शाळकरी मुलीने लघुग्रह शोधला, अशी बातमी दर वर्षी कुठल्या तरी जिल्हा आवृत्तीत असते. अमेरिकेतून चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेत मुलांना दुर्बिणीची छायाचित्रं दिली जातात आणि त्यात सरकणारा ठिपका शोधायचा असतो. काम अस्सल आहे, चिकाटीचं आहे. पण मुलं जी करतात ती बहुतेक वेळा प्राथमिक नोंद असते. तिची खातरजमा होऊन लघुग्रहाला क्रमांक मिळेपर्यंत वर्षं जातात. मूळ मोहीम मोफत असते. मध्ये कुणी फी मागत असेल, तर ती नेमकी कशाची, हे विचारायला लाजू नये.

प्रमाणपत्राचंही तसंच. अकरावीच्या प्रवेशात त्याला गुण नाहीत. पण ते अगदीच निरुपयोगी असतं असंही नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा हिशोब जानेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कोर्सच्या दारातही पाऊल टाकत नव्हते. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण केला तो अवघ्या ३.१३ टक्क्यांनी. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. आता हे पैशाने घडलं की मुळात निश्चय असलेल्यांनीच पैसे भरले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. फुकट कोर्ससाठी निश्चय गोळा करायचा एक जुनाच उपाय आहे: जोडीदार. चाळीतल्या किंवा वर्गातल्या दोघातिघांनी एकच कोर्स धरावा, वेळ ठरवावी, एकाने आळस केला तर दुसऱ्याने दार ठोठावावं. घरात एकच मोबाइल असेल तर हे आणखी सोयीचं. व्हिडिओ एकत्र बघायचा आणि प्रश्न ज्याचे त्याने वहीत सोडवायचे. एका सुट्टीत एकच कोर्स, हाही नियम पाळावा. पाच कोर्सना नाव घालणारा मुलगा पाचही पहिल्या धड्यात सोडतो.

आणि १५ जूनच्या आत सगळं संपलंच पाहिजे असंही नाही. सीएस५०चं वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं चालतं, आणि अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वर्षात धरलं जातं. झाडाच्या नोंदी तर पहिल्या पावसानंतर अधिक रंगतात. न्यायाची व्याख्यानं बाराच आहेत, ती रविवारी एक या हिशोबाने ऐकता येतात. त्यातूनही उरलं तर दिवाळीच्या सुट्टीतला पहिला आठवडा फराळात जातो, दुसरा मोकळाच असतो.