गॅस गिझर पेटत नाही? आधी कारण शोधा

आमचा धंदा कापडाचा. देगलूरच्या बाजारात थान मोजण्यात आमची उमर गेली. तेव्हा गॅस गिझरवर आम्ही काय लिहिणार, असे वाचकांना वाटेल. पण घरात घडलेल्या एका प्रसंगाने हा विषय आम्हाला शिकावा लागला.

आमच्याकडे जुन्या पद्धतीचा गिझर होता. त्यात एक बारीक ज्योत सतत जळत असते, तिला पायलट म्हणतात. बटण सोडले की ती विझायची. कारागिराने बटण दाबलेलेच राहावे म्हणून ते तारेने बांधून टाकले आणि मजुरी घेऊन तो गेला. दोन दिवस काम चालले. तिसऱ्या पहाटे वाऱ्याने ज्योत विझली, गॅस मात्र येतच राहिला. वास आला म्हणून वाचलो. दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो.

त्या बटणामागे काय असते ते समजून घ्या. ज्योतीत थर्मोकपल नावाची एक कांडी असते. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापला की थोडीशी वीज तयार होते, साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट. तेवढ्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की कांडी थंड होते आणि गॅस बंद होतो. म्हणून पेटवताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावे लागते. तरीही ज्योत टिकत नसेल तर कांडीवर काजळी आहे, ज्योत कमजोर असून कांडीपर्यंत पोहोचत नाही, नट ढिला आहे, किंवा कांडीच निकामी आहे. ती बदलावी. बटण बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला दोरीने बांधून दुकान उघडे टाकणे होय.

आता बहुतेक घरांत सेलवर चालणारे गिझर आहेत. त्यांत पायलट नसते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला स्विच चालू होतो, टिकटिक होऊन ठिणगी पडते आणि गॅस सुटतो. त्यातील बिघाड असा ओळखावा:

टिकटिकच होत नसेल तर आधी सेल बदला, त्यांच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज पुसा. मग पाण्याचा दाब पाहा. टाकी गिझरपेक्षा 10 फूट उंच असली तरी दाब फक्त 0.3 बारच्या आसपास मिळतो. आपल्याकडे टाकी स्लॅबवरच ठेवलेली असते, म्हणून दाब कमी पडतो. पाणी येण्याच्या तोंडाची जाळी क्षाराने बुजली आहे का, तेही पाहा.

टिकटिक होते पण पेटत नसेल तर सिलिंडर व रेग्युलेटर तपासा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. थोडे थांबून दोन-तीन वेळा प्रयत्न करा. ठिणगीच्या टोकावर काजळी असेल तर ती साफ करून घ्या.

पेटून लगेच विझत असेल तर ज्योत ओळखणारी कांडी मळलेली असण्याचा संभव जास्त. बारीक पॉलिश पेपरने ती हलकेच घासून घ्यावी. मात्र साधारण 20 मिनिटांनी बंद होत असेल तर तो बिघाड नसतो. अनेक गिझरना तसा टायमरच असतो.

हे सारे गॅस बंद करून, यंत्र थंड झाल्यावर करावे. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. बंद न्हाणीघरात त्याने माणसे दगावली आहेत. म्हणून गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. गॅसचा वास आला तर 1906 या क्रमांकावर फोन करा.

आपल्यातील अनेक तरुण दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, सुटा भाग मिळत नसेल तर तसे सांगून यंत्र बंद ठेवा. ग्राहक दोन दिवस चुलीवर पाणी तापवील, रागावेलही, पण पुन्हा तुमच्याकडेच येईल. आमच्या घरचे बटण बांधणाऱ्याला आम्ही परत बोलावले नाही.