दोन सिंथेसायझर, एकच लय

जानेवारी १९८३. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या ‘नॅम’ वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ केबलने जोडले गेले. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, पण एका वाद्याची पट्टी दाबली की दुसरंही वाजू लागलं. ही मिडीची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या सामायिक पद्धतीची, पहिली जाहीर ओळख.

• जोडणी : दोन वाद्यं अशी जोडायची तर पहिल्याच्या ‘मिडी आउट’मधून दुसऱ्याच्या ‘मिडी इन’मध्ये पाच पिनांची केबल. तिच्यातून आवाज नव्हे, फक्त संदेश जातात. वेग सेकंदाला ३१,२५० बिट.

• लय : पहिल्याचं क्लॉक ‘इंटर्नल’, दुसऱ्याचं ‘एक्स्टर्नल’ ठेवावं. पहिलं वाद्य दर मात्रेला २४ टिक पाठवतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सेकंदाला ४८. पहिल्याचा टेम्पो फिरवला की दुसऱ्याचा अर्पेजिओही (एकामागून एक वाजणारे स्वर) तितकाच धावतो.

• सुरुवात-शेवट : ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘कंटिन्यू’ हे संदेश वेगळे असतात. ते स्वीकारण्याची सोय दुसऱ्या वाद्यात चालू हवी.

• चॅनेल : एकूण १६. स्वरांसाठी दोन्हीकडे एकच चॅनेल हवं. क्लॉकला चॅनेल लागत नाही.

• सन्मान : मिडीसाठी सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी.