काठी काठीला लागते, अंगाला नाही

गेल्या एप्रिलमध्ये मी बडोद्याहून बाल्टिमोरला ताईकडे गेले होते. भाची शाळेच्या संघातून लॅक्रॉस खेळते. सामन्याला निघताना ताई म्हणाली, "आज तूच बघ आणि सांग. मला तर हा काठ्यांचा खेळ बंदच करावासा वाटतो." भाची मागच्या सीटवर गप्प बसली होती.

आदल्या रात्री तिनेच मला नियम समजावले होते. प्रत्येक संघात १२ जणी, हातात टोकाला जाळी असलेली काठी. मध्यभागी दोघी समोरासमोर काठ्या आडव्या धरतात, जाळ्यांच्या मधे रबरी चेंडू. शिट्टी होताच तो डोक्यांवरून उंच उडतो. हा ‘ड्रॉ’. पुढे जाळीतच झेलायचे आणि जाळीतूनच फेकायचे. मुलींच्या काठीची जाळी उथळ असते, म्हणून पळताना काठी पाळण्यासारखी हलवत ठेवावी लागते.

पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये अंगाने धक्का देता येतो, मुलींच्या नाही. समोरच्या मुलीच्या काठीवर काठी मारून चेंडू पाडता येतो. पण काठी डोक्याजवळ नेली की फाउल. गोलवर नेम धरणाऱ्या मुलीच्या वाटेत नुसते उभे राहणेही फाउल, कारण चेंडू लागू शकतो. शिवाय डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि दातांवर गार्ड हवेतच.

मुलींचा हा खेळ १८९० साली स्कॉटलंडच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत सुरू झाला. मूळ लॅक्रॉस मात्र उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचे. १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर यांनी बाल्टिमोरच्याच ब्रिन मॉर शाळेत मुलींचा संघ उभा केला.

उत्तरार्धात भाची गोलकडे धावली. मागून आलेल्या मुलीची काठी तिच्या डोक्याजवळ आली. ताईने माझा हात घट्ट धरला. काठी तिथेच थांबली, तरी शिट्टी झालीच. भाचीला गोलपासून ८ मीटरवर मोकळा फटका मिळाला. बाकीच्या मुली बाजूला झाल्या. गोलरक्षक मुलीने तो अडवला. भाची मात्र लगेच बचावाला मागे पळाली.

घरी जाताना मी काही सांगायच्या आतच ताई म्हणाली, "चष्म्याची पट्टी सैल झालीय तुझी. उद्या नवी घेऊ."

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस असेल, एका संघात सहाच खेळाडू. मुलींचा सामना जरूर पाहा.