जनित्र, घटमाला आणि ‘भरणे’

‘बॅटरी भरणे’ या प्रयोगात मराठीने भांड्याची उपमा स्वीकारली आहे. व्यवहारास ती सोयीची असली, तरी डिझेलच्या हिशेबास घातक ठरते. हौदात शेवटची घागर पहिलीइतक्याच वेळात रिती होते. शिसे-अम्ल घटमालेचे तसे नाही.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, तारेच्या विजेपासून दूर असलेल्या एखाद्या वस्तीची कल्पना करावी. तेथील घटमाला ४८ व्होल्ट व १००० अँपिअर-तासांची असून ती निम्मी रिती झाली आहे. २०० अँपिअरने भारण केल्यास ती सुमारे दीड तासात ८० टक्क्यांवर येते. या काळात १५ के.व्ही.ए.चे जनित्र जवळजवळ पूर्ण भाराने चालते. पुढे मात्र प्रत्येक घटाचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवावा लागतो आणि प्रवाह आपोआप ओसरत जातो. उरलेल्या २० टक्क्यांस चार-पाच तास सहज लागतात. जनित्र रिकामे फिरतानाही पूर्णभारी खपाच्या पाव ते तृतीयांश इंधन जाळीत असल्यामुळे हे शेवटचे तासच सर्वांत महाग पडतात. शिवाय अल्पभाराने इंजिनात काजळी धरते ती वेगळीच.

म्हणून जनित्र पहाटे चालवून ८० टक्क्यांच्या सुमारास थांबवावे व उरलेले मंद काम दिवसाच्या सूर्यपट्टांवर सोपवावे, हा क्रम किफायतशीर होय. संध्याकाळी जनित्र लावणारा हा लाभ गमावतो, कारण रात्रीचा वापर ती मालिका पुन्हा रिती करतो.

तथापि काटकसरीलाही मर्यादा आहे. घटमाला सतत अपुरी राहिली, तर पट्टिकांवरील शिशाचे सल्फेट कठीण स्फटिकरूप धारण करते व धारणशक्ती कायमची घटते. श्रावणात आभाळ भरून राहिले, की आठवड्या-पंधरवड्यातून एकदा जनित्रानेच पूर्ण भारण करणे प्राप्त आहे. ते पाण्याचा पंप किंवा पिठाची चक्की चालू असताना करावे. म्हणजे जनित्राचा भार टिकतो. वैशाखात प्रश्न उलटा असतो. घटांचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले, तर भारणाचा दाब प्रतिघट, प्रतिअंश सुमारे ४ मिलिव्होल्टने, म्हणजे २४ घटांच्या मालिकेत दीड व्होल्टच्या आसपास, उतरवावा लागतो. अन्यथा पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. कोंदट खोलीत तो साचणे स्फोटास निमंत्रण होय. तेव्हा घटमालेच्या खोलीस छताजवळ झरोका अवश्य असावा.