मनाचा ताण आणि शरीराची दुखणी

‘ताण’ हा शब्द आपल्याला नवा नाही. संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाचा बहार धरताना आपण पाणी बंद करून बागेला ताण देतो. हलक्या जमिनीत साधारण एक महिना, तर भारी जमिनीत त्याहून अधिक काळ पाणी बंद ठेवतात. पाने पिवळी पडून गळू लागली की मशागत करून, खते देऊन आणि सुरुवातीला हलके पाणी देऊन ताण तोडला जातो. मोजून दिलेल्या व वेळेवर तोडलेल्या ताणातून बाग फुलते. तोच ताण लांबला तर फांद्या वाळतात व झाड खंगते. माणसाच्या मनावरील ताणाचेही असेच आहे. मात्र तो तोडण्याचा दिवस आपण ठरवत नाही आणि मग शरीर बोलू लागते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे प्रशिक्षणास आलेले एक कापूस उत्पादक दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी खाऊन उठले. चौकशी केली तेव्हा म्हणाले, “पोटात आग पडते. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीनं पाह्यलं. डाक्टर म्हनतात काईच नाई. मंग मी का सोंग करून रायलो?”

दुखणे कधी सुरू झाले, हे विचारत गेलो. बोंडअळीने वेचणी बुडाली, त्याच महिन्यात मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. पहाटे तीनला जाग येई आणि तेव्हाच पोट दुखू लागे. पोट दुखते हे त्यांनी पत्नीला सांगितले होते. कर्ज किती, हे मात्र सांगितले नव्हते.

त्यांचे दुखणे खरे होते. तपासणीत जखम किंवा गाठ आढळली नाही, याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही.

शरीरात काय घडते?

कपाशीला पाण्याचा ताण पडला की मुळांपासून पानांपर्यंत रासायनिक संदेश पोचतो. पर्णरंध्रे मिटतात, वाढ थांबते, पाते व फुले गळतात. झाडावर कीड नसते, रोग नसतो, तरी गळ होते. अशा वेळी औषध फवारून गळ थांबत नाही.

माणसाच्या शरीरातही अशी यंत्रणा आहे. समोर साप दिसला की मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदय जोरात धडधडते, श्वास वाढतो, स्नायू आवळतात, पचनाचे काम मंदावते. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी ही तयारी असते. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर पूर्ववत होते. परंतु बँकेची नोटीस, पावसाची ओढ किंवा घरातील तंटा सापासारखा निघून जात नाही. शरीर दिवसचे दिवस तयारीतच राहते आणि त्याची झीज होते.

कॅनडातील माँट्रियल येथे संशोधन करणारे हान्स सेली यांनी 1936 साली याविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवले, जखम केली किंवा अति श्रम करविले, तरी शरीरातील बदल जवळपास सारखेच होते. अधिवृक्क ग्रंथी वाढल्या व जठरात व्रण पडले. कारणे वेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद एकाच वळणाचा होता.

लक्षणे कशी ओळखावीत?

आपल्या बोलीला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पोटात गोळा येणे, घशाला कोरड पडणे, हातपाय गळणे, अन्न गोड न लागणे हे शब्दप्रयोग अनुभवातून आले आहेत. साधारणपणे पुढील लक्षणे आढळतात.

1. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी डोकेदुखी. मान, खांदे व कंबर दुखणे.

2. छातीत धडधड, श्वास अपुरा वाटणे, हातांना कंप किंवा मुंग्या.

3. पोटात जळजळ, वारंवार शौचास लागणे किंवा बद्धकोष्ठ, भूक मंदावणे.

4. झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे, विश्रांतीनंतरही थकवा.

5. स्त्रियांमध्ये मासिक पाळी अनियमित होणे. शेत, गुरे आणि घर सांभाळणाऱ्या भगिनींचे अंग दुखणे ‘कामाने होते’ म्हणून सोडून दिले जाते, तसे करू नये.

अशा वेळी अनेक जण दुकानातून वेदनाशामक गोळी घेतात किंवा अशक्तपणासाठी सलाईन लावून घेतात. पाण्याच्या ताणावर कीटकनाशक फवारण्यासारखेच हे आहे. शिवाय काही वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास जठराला इजा होते व जळजळ वाढते.

प्रत्येक दुखणे ताणाचे समजू नये

प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, मधुमेह व थायरॉईडचे विकार यांतही थकवा आणि धडधड असते. छातीत दाब येऊन घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

फवारणीनंतर मळमळ, लाळ सुटणे, अंधुक दिसणे, घाम किंवा स्नायूंची थरथर आढळल्यास ती विषबाधा समजून औषधाच्या डब्यासह रुग्णालयात जावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

ताण कसा तोडावा?

नोंद ठेवावी. पावसाची व खर्चाची नोंद ठेवतो त्याच वहीत दुखणे कोणत्या दिवशी, किती वाजता व कशानंतर सुरू झाले, ते पंधरा दिवस लिहावे. दुखण्याचा व काळजीचा संबंध बहुधा आपोआप दिसू लागतो.

आकडा मांडावा. एकूण देणे किती, कोणाचे, व्याज किती, हे कागदावर लिहून घरातील जबाबदार माणसांसमोर ठेवावे. नैसर्गिक आपत्तीत पीक बुडाले असल्यास कर्ज पुनर्गठनाबाबत बँकेत लवकर चौकशी करावी.

शरीराला उसंत द्यावी. मनात चार अंक मोजत श्वास आत घ्यावा व सहा मोजत सावकाश सोडावा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे असे केल्याने धडधड कमी होण्यास मदत होते. संध्याकाळनंतर चहा टाळावा. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडते व दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते.

मदत घ्यावी. लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली व कामात लक्ष लागेनासे झाले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

घरच्यांनी काय करावे?

माणूस अबोल झाला, जेवण टाकले, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कीटकनाशके राहत्या घरात न ठेवता नेहमीच कुलूपबंद ठेवावीत व किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी.

वर उल्लेख केलेले शेतकरी पुढच्या हंगामात भेटले. कर्ज फिटलेले नव्हते. पण घरी सर्व सांगितले होते, मोठा भाऊ सोबत बँकेत गेला होता आणि औषधोपचारही सुरू होते. पोट अधूनमधून दुखते, असे म्हणाले. त्या दिवशी मात्र त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

बागेचा ताण कधी तोडायचा, हे आपण पाने पाहून ठरवतो. आपल्या व आपल्या माणसांच्या शरीरावर दिसणाऱ्या खुणाही तशाच वेळेवर पाहाव्यात.